रुक्मक्कांचा कच्चा टाका

रुक्मक्का आपल्या पुस्तकाचं शेवटचं पान शिवून टाकतात. हे मी अलंकारिक बोलत नाही. शेवटची दोन पानं एकमेकांवर ठेवून कडेनं लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालतात, गाठ न मारता. टोक ओढलं की दोरा सर्रकन निघतो आणि गोष्टीचा शेवट उघडतो. पण तो ओढायचा कोणी, याचे नियम कडक आहेत. ज्या पोरानं त्याच्या आधीचं पान स्वतः, मोठ्यानं, मराठीत वाचलं, त्यानंच. आणि दोरा ओढल्याखेरीज पुस्तक कोणाच्याही घरी जायचं नाही.

म्हैसूरला विजयनगरात आम्ही राहतो त्या घराच्या खालच्या मजल्यावर रुक्मक्का राहतात. वय सत्तरीपलीकडे, एकट्याच. घराणं पिढीजात मराठी शिंप्यांचं, कित्येक पिढ्या इकडंच रुजलेलं. देव्हाऱ्यात विठ्ठल आणि बोलण्यात निम्मी कन्नड. जन्मभर ब्लाउज शिवले आणि हात थकल्यावर मुलांसाठी पुस्तक लिहिलं. प्रकाशक वगैरे शोधण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या छापखान्यातून कागद छापून आणले आणि ब्लाउजच्याच मशीनवर पुस्तकं शिवली. गोष्टीचं नाव ‘हत्तीचं बटण’. दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीच्या झुलीचं बटण हरवतं आणि तो ते शोधत गावभर हिंडतो, एवढीच गोष्ट.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी इकडं आलेला माणूस. रुक्मक्का मला ‘साताराप्पा’ म्हणतात. एकदा त्यांच्या छापील कागदांवरच्या चुका मी तपासून दिल्या आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हापासून माझे रविवार त्यांचे झाले.

रुक्मक्कांना एक शब्द वर्ज्य आहे: ‘आमेले’. कन्नडमध्ये आमेले म्हणजे नंतर. आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्यच ‘नंतर बघू’, त्यामुळे आमची रोज जुंपते. ‘‘आमेले गीमेले चालायचं नाही माझ्याकडं! आत्ता म्हणजे आत्ता!’’ नळ दुरुस्त करणाऱ्यानं एकदा त्यांना ‘आमेले येतो’ म्हणून सांगितलं, तर या जाऊन त्याच्या स्कूटरवर मागच्या सीटवर बसल्या. तो बिचारा त्यांना घेऊनच आला आणि नळ मुकाट्यानं दुरुस्त करून गेला.

तर ही बाई गेल्या महिन्यात पुस्तकाच्या दौऱ्यावर निघाली. ‘‘एका तरी पोरानं दोरा ओढला पाहिजे,’’ त्यांनी जाहीर केलं. ‘‘तोवर टूर संपायची नाही.’’

म्हणजे माझे रविवारही सुटायचे नाहीत. ब्लाउजपिसांचे तुकडे जोडून शिवलेली पुस्तकांची पिशवी माझ्या खांद्यावर, मापाचा टेप त्यांच्या गळ्यात, असे आम्ही निघालो.

पहिला मुक्काम आमच्याच विजयनगरात, एका अपार्टमेंटच्या हॉलमध्ये. मुलं भरपूर आली, पण शेजारी वाढदिवसाचा केक कापला गेला आणि हत्ती बटणासकट वाऱ्यावर पडला. एक आई म्हणाली, ‘‘अक्का, पुस्तक द्या. घरी मी वाचून दाखवते.’’

‘‘तुला येतं हे मला ठाऊक आहे की,’’ रुक्मक्का म्हणाल्या. ‘‘तुझ्या लेकाला येऊ दे.’’ पुस्तक परत पिशवीत गेलं.

दुसरा मुक्काम बन्नीमंटपजवळ, त्यांच्या एका भाचीच्या घरी. श्रोता एकच, तोही चार वर्षांचा. हत्ती बाजारात पोचेपर्यंत तो झोपला. रुक्मक्कांनी गोष्ट मात्र ठरल्या वेळी सुरू केली आणि शेवटून दुसऱ्या पानापर्यंत नेली. ‘‘झोपलेल्याच्या पण कानात जातं,’’ त्या म्हणाल्या. मला त्या दिवशी त्यांचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

तिसरा मुक्काम नंजनगूडला, त्यांच्या समाजाच्या हॉलमध्ये. पंधरा-वीस मुलं सतरंजीवर बसली होती. त्यांना मराठी कळत होतं, बोलताही येत होतं, पण वाचायचं म्हटल्यावर सगळी छताकडं बघू लागली. मी पिशवी आवरायला घेतली. तेवढ्यात मागून एक आठ वर्षांची मुलगी उठली. तिचं नाव भाग्या. ‘‘शाळेत हिंदीची अक्षरं शिकवलीत,’’ ती म्हणाली. ‘‘स्वल्प स्वल्प येतं.’’

‘‘स्वल्प पुष्कळ झालं,’’ रुक्मक्का म्हणाल्या. ‘‘बा इकडं.’’

भाग्या वाचू लागली. ‘‘ह... हत्ती... हत्तीनं... झु... झुली...’’ एकेक शब्द डोंगर चढल्यासारखा. चार ओळी झाल्या नाहीत तोच तिचे वडील दारात आले. त्यांना कुठल्याशा लग्नाला पोचायचं होतं. ‘‘आमेले वाच गं, उशीर झाला!’’

रुक्मक्का उठल्या, गळ्यातला टेप काढला आणि दाराच्या या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत ताणून धरला.

‘‘लग्न थांबतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोरगी वाचायची थांबली तर परत सुरू होत नाही. तिथंच उभा राहा आणि ऐक.’’

ते उभे राहिले. भाग्यानं उरलेलं पान वाचलं. एका जोडाक्षराशी तर ती इतकी झटली की अख्खा हॉल मनातल्या मनात तिला ढकलत होता. शेवटचा शब्द संपला. तिनं दोरा ओढला. पान उघडलं, आणि आत खरंखुरं पितळी बटण शिवलेलं होतं.

‘‘गुंडी!’’ भाग्या किंचाळली. वडिलांनी टेपखालून वाकून आत येऊन ते बटण बोटानं चाचपून पाहिलं. लग्नाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी खुशीत होतो. दोरा ओढला गेला, दौरा संपला. ‘‘जिंकलात अक्का!’’

रुक्मक्कांनी पिशवीच्या तळातून एक जुनं पुस्तक काढलं. हातानं लिहिलेलं, हातानं रंगवलेलं. हत्ती तोच. शेवटच्या पानाचा लाल दोरा रंग उडून गुलाबी झाला होता, पण टाका शाबूत होता.

‘‘हे पहिलं. माझ्या पांडूचं. सहा वर्षांचा होता. तेव्हा खेळ म्हणून शिवलं होतं.’’

‘‘मग त्यानं वाचलं नाही?’’

‘‘तो आला होता की वाचायला. शेवटून दुसरं पान पाठ करून आला होता. दसऱ्याच्या ऑर्डरी होत्या, मी मशीनवर. म्हटलं, एवढा ब्लाउज होऊ दे, आमेले. दुसऱ्या दिवशी परत आला. परत आमेले. तिसऱ्या दिवशी आला नाही.’’

त्यांनी माझं बोट धरून मिटलेल्या पानावर ठेवलं. आत एक बारीक बटण हाताला लागलं. ‘‘त्याच्या शाळेच्या शर्टाचं,’’ त्या म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

त्यांचा हा मुलगा, पांडुरंग, आता बेंगळुरूला असतो, चाळिशी ओलांडलेला. दसऱ्याला दोन दिवस येतो आणि फोनवर बोलत अंगणात फेऱ्या घालतो, एवढाच मला माहीत.

‘‘पुढच्या रविवारी बेंगळुरू,’’ रुक्मक्का म्हणाल्या. ‘‘टूर संपली नाही अजून. तो वाचणार, मी ऐकणार.’’

‘‘फोन करून त्याला विचारलंत का, वेळ आहे का म्हणून?’’

‘‘कशाला विचारू? आमेले म्हणेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्याकडूनच शिकलाय.’’

मग टेप नीट गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवला, पुस्तकाच्या शेजारी.