टिपणीसांच्या रंगवलेल्या टोप्या

टिपणीसांनी आयुष्यात बेसबॉलची एकही मॅच पाहिलेली नाही. त्या खेळात एका बाजूला किती माणसं असतात, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "असतील आठ-दहा," म्हणाले, आणि हातातल्या पत्त्याएवढ्या कार्डाकडे भिंगातून बघत पुढे म्हणाले, "पण वहिनी, एकाहत्तर साली यांनी बॉर्डर काळी केली, ती घोडचूक. काळा रंग कोपऱ्यात झडतो. नुसतं बोट लागलं की खालचा पांढरा कागद दिसतो. एवढं कळायला अमेरिकेत जन्माला यावं लागतं का?"

शारजात, रोल्ला भागातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये, आमच्या समोरच्या दारात राहून हा माणूस अमेरिकेच्या चुका काढायचा. रोज.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्यांची कार्डं निघतात. पुढे फोटो, मागे त्या माणसाची कारकीर्द, दर वर्षाला एक ओळ: कुठल्या गावाच्या टीमकडून खेळला, काय दिवे लावले. दर वर्षी डिझाइन नवं. पोरं ती गोळा करतात. पोरं, हे लक्षात घ्या. टिपणीस तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि डोक्यावर केस मोजून होते.

औद्योगिक क्षेत्रातल्या एका छापखान्यात ते फोटो दुरुस्तीचं काम करत. छपाईला जाण्याआधी कॉम्प्युटरवर फोटो साफसूफ करून द्यायचे. तिथे नवं मशीन बसवायला आलेला एक अमेरिकन इंजिनिअर परत जाताना असल्या कार्डांची पाच खोकी मागे ठेवून गेला. त्याने ती कचऱ्यात टाकायला सांगितली असणार, असं माझं मत. टिपणीसांच्या मते त्याने वारसा सोपवला.

शुक्रवारी सुट्टी. माणसं लोळतात, पोरांना घेऊन समुद्रावर जातात. टिपणीस आमच्या हॉलमध्ये येऊन अल्बम उघडत. बहात्तर सालचं डिझाइन म्हणजे सर्कशीची जाहिरात. पंचाहत्तरला एका बॉर्डरमध्ये दोन भडक रंग, वरती हिरवा तर खाली जांभळा, "पण हिंमत आहे हो, ही हिंमत मानली पाहिजे." नव्वद साली सगळ्यांचे डोळे फुटले होते. आणि अलीकडची, ती चमचमणारी, चंदेरी अक्षरांची, ती तर ते दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवत. "वाचा, वहिनी. नाव वाचून दाखवा या माणसाचं." वाचता यायचं नाही. "बघा. आईबापांनी ठेवलेलं नाव, ते वाचता येऊ नये म्हणून चांदी लावलीय."

या सगळ्यात सत्त्याऐंशी सालचं कार्ड म्हणजे त्यांचं दैवत. त्याला लाकडासारखी बॉर्डर आहे. मला ते स्वस्तातल्या सनमायकासारखं दिसलं आणि मी तसं बोलले. टिपणीस दोन शुक्रवार आले नाहीत. माझ्या नवऱ्याने मला तोंडभरून धन्यवाद दिले.

त्यांची दोन ठरलेली वाक्यं होती. पहिलं, "रजिस्ट्रेशन हललंय." छपाईत चार रंग एकावर एक नीट बसले नाहीत की चित्राला भुतासारखी दुसरी कड दिसते, त्याला छापखान्यात असं म्हणतात. टिपणीस सगळ्यालाच म्हणायचे. सांबारात डाळ एकीकडे, पाणी एकीकडे: रजिस्ट्रेशन हललंय. दुसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोचं पटत नाही: हललंय. माझ्या मुलाच्या, निहारच्या वाढदिवसाचं आमंत्रण त्यांनी दारातच भिंगाखाली धरलं आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "लाल रंग केसभर डावीकडे गेलाय." निहार म्हणाला, "आई, ही इज सो वीअर्ड." पोराचं बरोबर होतं.

दुसरं वाक्य, "पाठ बघा." कुणीही कार्डाचा फोटो बघून परत द्यायला लागलं की ते घेतच नसत. "पाठ बघा. समोर काय, कुणीही हसतं. माणूस कुठे-कुठे राहिला ते पाठीवर असतं." मी कधी बघितली नाही. मला घरात कामं होती.

त्यांची बायको स्मिता सोशिक होती. मुलगी रेवा आमच्याच शाळेत होती, मी तिला हिंदी शिकवायची. बापाच्या मांडीवर बसून ती कार्डांचे गठ्ठे वर्षांप्रमाणे लावायची आणि त्याच्या भाषणांना एका वाक्यात उत्तर द्यायची, "बाबा, इट्स ओन्ली अ कार्ड." टिपणीस मान डोलवायचे. जगात तिचंच रजिस्ट्रेशन काय ते जागेवर होतं.

पण त्यांचा खरा संताप बघायचा तर टोप्यांवरून बघावा. व्हायचं असं की, खेळाडू एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये गेला आणि नव्या टोपीतला त्याचा फोटो मिळाला नाही, तर कार्डवाले जुन्याच फोटोतल्या टोपीवर ब्रशने नवा रंग मारत. तुम्हा-आम्हाला कळणार नाही. टिपणीसांचा हा धंदाच, त्यांना ते मैलावरून दिसे. अशी रंगवलेल्या टोप्यांची कार्डं त्यांनी वेगळ्या प्लास्टिकमध्ये, अल्बमच्या तळाशी, गुन्हेगारांसारखी ठेवली होती.

"लबाडी आहे ही, वहिनी. माणूस जिथे आहे तिथे दाखवा ना. जिथे नाहीच, तिथे टोपी रंगवून तो येणार आहे का?"

आता मला सांगा, हे कोण बोलतंय? जो माणूस दिवसभर बिल्डरांची ब्रोशर करायचा. उघड्या वाळूच्या फोटोवर टॉवर उभा करायचा, पायथ्याशी तळं सोडायचा, तळ्यात बदकं. मी हे बोलून दाखवलं. टिपणीसांनी भिंग पुसलं. "ते पोटासाठी," म्हणाले.

मग ते पोटही आलं धोक्यात. दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली, टॉवरांचं काम थांबलं आणि जे टॉवर बांधायचेच नाहीत त्यांची ब्रोशर कशाला छापायची? छापखान्यातली अर्धी माणसं घरी गेली. टिपणीस राहिले, अर्ध्या पगारावर. मार्चमध्ये परीक्षा संपल्या आणि आमच्या शाळेच्या ऑफिससमोर दाखले काढायला आईबापांची रांग लागली. तेव्हा तसंच चाललं होतं. बायको-पोरांना गावी पाठवायचं, फ्लॅटमध्ये भाडेकरू घ्यायचे आणि पुरुषाने मागे राहून दिवस काढायचे. रांगेत टिपणीस होते. रेवाचा चौथीचा दाखला हातात पडल्यावर त्यांनी तो आधी उजेडात धरून शिक्का तपासला.

"एका वर्षाचा प्रश्न आहे, वहिनी," मला म्हणाले. "शिक्का फिका आहे. पण एका वर्षाचाच प्रश्न आहे."

स्मिता आणि रेवा साताऱ्याला, आजोळी गेल्या. टिपणीसांनी हॉल दोन केरळी मुलांना दिला आणि पाच खोक्यांसह बेडरूममध्ये मुक्काम हलवला. पुढच्या एप्रिलमध्ये, शाळा उघडायच्या आधी, जिन्यात मला अडवून विचारलं, "वहिनी, सहावीला जागा आहे का?"

"असेल की."

"ठेवा."

मी म्हणजे जणू प्रिन्सिपॉल. त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये सातवीला जागा ठेवायला सांगितली. मग आठवीला. दर वेळी, "इन्शाल्ला, या वर्षी नक्की." मी ऑफिसातून फॉर्म आणून द्यायची, टिपणीस तो नेऊन भिंगाखाली धरायचे आणि आमच्या शाळेचं बोधचिन्ह तिरपं छापलंय म्हणून कळवायचे. फॉर्म भरून कधी आला नाही. पगार अर्ध्याचा पाऊण झाला, तिथेच थांबला.

माणूस एकटा पडला की गप्प होतो म्हणतात. हा डबल बोलायला लागला. केरळी मुलांनी पंचाहत्तरच्या बॉर्डरवरची मतं हिंदीत ऐकली. मी दार वाजलं की गॅसवर काहीतरी ठेवायची, निदान तेवढं कारण. खोटं कशाला सांगू, कंटाळा यायचा मला त्यांचा.

उन्हाळ्यात दारं उघडी असली की साताऱ्याशी फोनच्या स्पीकरवर चाललेलं बोलणं ऐकू यायचं. इथे असताना मराठीत प्रश्न विचारला तर इंग्रजीत उत्तर देणारी पोर आता काय ठसक्यात बोलायची. "काय ओ बाबा, जेवला का?" टिपणीस इकडे येऊन म्हणाले, "भाषेचं रजिस्ट्रेशन पार हललंय हो तिच्या." पण ते वाक्य त्यांनी इतकं खुशीत येऊन सांगितलं की मी सांगितलं, बसा, चहा टाकते.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये, जिन्यात नववीची जागा विचारून झाली, त्याच आठवड्यात ऐकलं. रेवा म्हणत होती, "आता मी न्हाई येत तिकडं, बाबा. इथंच बरंय मला. मैत्रिणी हायत माझ्या."  टिपणीस म्हणाले, "बरं. उंची किती झाली? भिंतीला उभी राहून बघ आणि सांग." त्या शुक्रवारी ते आले नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही.

काही महिन्यांनी त्यांना ताप आला. केरळी मुलं कामावर गेलेली. शुक्रवारी दुपारी मी मऊ भात घेऊन गेले. पांघरुणातून आवाज आला, "टेबलावर ठेवा, वहिनी." टेबलावर जागा कुठली? अल्बमच अल्बम. एक सरकवला, तो सटकला आणि जमिनीवर उघडा पडला. नेमकं शेवटचं पान, ते गुन्हेगारांचं.

त्यात टोपीवाले कुणी नव्हते. रेवा होती. पाच कार्डं, पाच वर्षांची, सगळ्यांना सत्त्याऐंशी सालची लाकडी बॉर्डर. फोटोत मागे साताऱ्याचा किल्ला, एकात आजोबांची स्कूटर. आणि रेवाच्या अंगावर आमच्या शाळेचा मरून रंगाच्या चौकड्यांचा पिनाफोर, तो बिनबाह्यांचा फ्रॉक. पाचही वर्षं. साताऱ्याच्या शाळेचा गणवेश त्यांनी एक-एक चौकडा करून रंगवून काढला होता. गळ्याशी एके ठिकाणी खालचा हिरवा जरासा राहून गेला होता.

आयुष्यात पहिल्यांदा मी आपण होऊन पाठ बघितली. वर्ष, इयत्ता, उंची, गाव. पाचवी, शारजा. सहावी, शारजा. सातवी, शारजा. आठवी, शारजा. नववी, पाच फूट एक इंच, शारजा.

टिपणीस उठून बसले होते. चष्मा नव्हता, तरी माझ्या हातात काय आहे ते त्यांना दिसत होतं. मी आता काहीतरी खवचट बोलेन आणि मग आपण हसू, म्हणून ते वाट बघत होते.  पाच वर्षं मी या माणसासाठी गॅसवर रिकामी पातेली ठेवत होते, आणि त्याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

"भावजी," मी म्हटलं, "आठवीपासून आमच्याकडे मरून नसतो. निळ्या चौकड्यांचा स्कर्ट असतो. ही शेवटची दोन चुकलीत."

ते चष्मा शोधायला लागले. उशीखाली सापडला. "कुठला निळा?" त्यांनी विचारलं. "नुसतं निळा म्हणून चालत नाही, वहिनी."

"उद्या कापडाचा तुकडा आणते."

"दोन आणा. एक धुतलेला. पहिल्या धुण्यात निळा उतरतो, पोरगी काय रोज नवाच घालणार आहे का?" म्हणाले, आणि भाताचं ताट जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना रोल्लाच्या गणवेशाच्या दुकानात गेले. तिथला शिंपी मला ओळखतो, निहारच्या पँटी त्याच्याकडेच शिवते. त्याला सीनियर मुलींच्या स्कर्टचे तुकडे मागितले तेव्हा त्याने नवलाने वर बघितलं. "आपको तो एक ही लड़का है ना, मॅडम. बच्ची किसकी है?"

"पड़ोसी की," मी म्हटलं. "नाइन्थ में है. हमारे ही स्कूल में."