चौथा कॅन

"एका गड्याने रोज उसाच्या आठ सऱ्या लावल्या, तर बारा दिवसांत किती सऱ्या लावल्या?" मच्छिंद्र गुरुजींनी चौथीच्या वर्गाला विचारलं.

"वीस," पहिल्या ओळीतून उत्तर आलं.

"वीस काय?"

"वीस, गुरुजी."

"अरे, पण वीस काय? सऱ्या, का दिवस, का गडी?"

"नुस्तं वीस," असं म्हणून पोरगं खाली बसलं.

हिवरवाडीच्या शाळेत शाब्दिक उदाहरणांची ही अशी अवस्था होती. पाढे पोरांना झोपेतून उठवलं तरी येत. पण आकडे वाक्यात शिरले की वर्गाचा धीर सुटायचा. दोन आकडे दिसले की त्यांची बेरीज करायची, ती चुकली हे गुरुजींच्या चेहऱ्यावरून कळलं की वजाबाकी करायची, आणि तीही चुकली तर खिडकीबाहेर बघायचं, अशी मुलांची रीत होती. यात मुलांचा दोष कमी आणि आपलाच जास्त, असं गुरुजींना वाटे. त्यांना बहुतेक गोष्टींत असंच वाटायचं.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात संगमनेरला शिक्षकांचं एक शिबीर झालं. तिथे गुरुजींना दोन युक्त्या मिळाल्या. एक म्हणजे, उदाहरण मुलांच्या घरातलं घ्यावं. दुसरी अशी की, मुलांनी ते घरी जाऊन एखाद्या मोठ्या माणसाला गोष्टीसारखं सांगावं. ज्याला गोष्ट सांगता आली त्याला उदाहरण कळलं. गुरुजी हरखून गेले. परतीच्या एस.टी.त ते उदाहरणच शोधत होते. शिबिराच्या वहीत तांबं आणि जस्त यांच्या मिश्रणाचं एक उदाहरण होतं, पण हिवरवाडीत जस्त कुणी पाहिलेलं नव्हतं. मात्र म्हैस घरोघर होती आणि दोन्ही वेळचं दूध गावातल्या केंद्रावर जात होतं. गुरुजींनी तांब्याच्या जागी दूध ठेवलं आणि जस्ताच्या जागी पाणी. त्यांनी केलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'एका बाईने सहा लिटर दुधात दोन लिटर पाणी मिसळले, तर तयार झालेल्या दुधात पाण्याचा भाग किती?'

वर्गात चमत्कार झाला. कुणी 'नुस्तं आठ' म्हणालं नाही. शेवटच्या ओळीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "चौथा भाग, गुरुजी. चार तांबे घेतले तर एक पान्याचा." बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांना चित्र स्पष्ट दिसत होतं. गुरुजींचे डोळे भरून आले. आता हीच गोष्ट घरी जाऊन सांगा, असं म्हणून त्यांनी वर्ग सोडला.

मुलांनी ती सांगितली. संध्याकाळी धारा काढायच्या वेळेला, गोठ्यात उभं राहून, आपापल्या आईला सांगितली.

सकाळी प्रार्थनेच्या आधीच रंगुबाई शाळेच्या पायरीवर हजर होती.

"गुरुजी, सहा लिटर कुठलं? आमची म्हस येळेला चार लिटरच्या वर देत न्हाई."

"रंगुबाई, ते उदाहरण आहे."

"उदाहरण आसंल. पर चार आन एक. दोन न्हाई. मानसानं उगा जास्तीचं सांगू नये."

"पण मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"तेवढे उपकार झाले तुमचे," असं म्हणून ती निघून गेली.

मधल्या सुट्टीत लंकाबाई आली. आपण फक्त उन्हाळ्यात घालतो, तेही दूध तापून नासू नये म्हणून, आणि घालतो ते विहिरीचं गोड पाणी, नदीचं नाही, असं तिने गुरुजींना बजावलं. त्यानंतर आलेल्या बाईला आपलं नाव कोणी सांगितलं ते हवं होतं. तिचा संशय जावेवर होता. शाळा सुटेपर्यंत आणखी तिघी-चौघी येऊन आपापले आकडे दुरुस्त करून गेल्या. केंद्रावरच्या लॅक्टोमीटरला जे कधी कळलं नव्हतं ते सगळं, न विचारता, गुरुजींना कळलं. लॅक्टोमीटर बिचारा खरं सांगत असावा. पण केंद्राचे सेक्रेटरी रज्जाकभाई भल्या मनाचे होते. ते लॅक्टोमीटर दुधात सोडायचे आणि आकडा वाचायच्या वेळेला चष्मा पुसायला घ्यायचे.

एक बाई तेवढी आली नाही. ती म्हणजे केशरबाई, सरपंच श्रीमंतरावांची बायको. तिच्या गोठ्यात चार म्हशी होत्या, आणि तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत गुरुजी राहत होते. त्या खोलीत त्यांचा जीव होता. लग्नानंतरची चार वर्षं त्यांनी भंडारदऱ्याकडच्या एका डोंगरी शाळेत एकट्याने काढली होती. हिवरवाडीला बदली झाली, ही खोली मिळाली, आणि दिवाळीत कुठे मुक्ताबाईला आणता आलं. गावात भाड्याने दुसरी खोली नव्हती. खोली गेली तर गुरुजी शाळेत झोपले असते, पण मुक्ताबाईला पुन्हा सासरी जावं लागलं असतं.

संध्याकाळी केशरबाई दारात येऊन उभी राहिली. ती गुरुजींकडे न बघता मुक्ताबाईशी बोलली.

"मुक्ता, आवसेपत्तूर खोली मोकळी करा. पोरीच्या सासरची मंडळी यायची हायेत."

केशरबाईच्या पोरीचं लग्न अजून ठरायचं होतं. पण तसं बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती. ती गेल्यावर मुक्ताबाईने नवऱ्याला काय झालं ते विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"सहा आणि दोन हे आकडे कुठून आणले तुम्ही?"

"मनातून."

"मनातून कसे? केशरकाकूंच्या दर कासंडीत तेवढंच असतं. मी रोज बघते."

गुरुजी खाटेवर बसले.

गोष्ट इथेच थांबली असती तर कदाचित खोलीपुरतंच भागलं असतं. पण मुलांना आता नाद लागला होता. धारा काढायच्या वेळेला ती कासंडीसमोर येऊन बसत आणि पुढे काय होतं ते टक लावून बघत. पोटच्या पोराच्या देखत पाण्याचा तांब्या उचलायला कुणाचा हात होईना. रज्जाकभाईंना पहिल्यांदा लॅक्टोमीटरच बिघडला असं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला, घातला, आणि त्या दिवशी आकडा वाचला. दूध दाट झालं होतं. मात्र केंद्रावरून रोज चार कॅन जायचे ते आता तीन भरू लागले.

डेअरीला दाटपणाचं कौतुक नंतर वाटलं असतं. आधी कॅन कमी झालेला दिसला. पाहता पाहता डेअरीचे साहेब जीपमधून केंद्रावर येऊन उतरले.

सकाळची वेळ होती. बायका कासंड्या घेऊन उभ्या होत्या. गुरुजीही होते, कारण केशरबाईने घरचा रतीब बंद केला होता आणि ते पावशेर दुधासाठी लोटी घेऊन आले होते. साहेबांनी विचारलं की चौथा कॅन गेला कुठे. मग ते म्हणाले की गावातलं दूध चोरून खव्याच्या भट्टीला जातंय हे उघड आहे, आणि तसं असेल तर हे केंद्र आजपासून बंद. सरपंच घसा खाकरून थांबले. रज्जाकभाई चष्मा पुसू लागले. खरं सांगावं तर चोरी कबूल होत होती, आणि न सांगावं तर नसलेली चोरी अंगावर येत होती.

अखेर केशरबाई म्हणाली, "गुरुजींला इचारा. हिशेबाचं मानूस हाय."

सगळ्या कासंड्यांमागून सगळे डोळे लोटीकडे वळले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यासाठी लागणारा आत्मविश्वासच त्यांच्यापाशी नव्हता.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "दूध दुसरीकडे जातं का, हाच प्रश्न आहे ना?"

"हाच."

"नाही जात. म्हशी पूर्वी जेवढं देत होत्या तेवढंच आता देतात. आणि तेवढंच तुमच्याकडे येतं."

"मग चौथा कॅन?"

गुरुजींनी लोटी दोन्ही हातांत धरली. "तो म्हशींचा नव्हता."

रज्जाकभाईंचं चष्मा पुसणं आणखी जोरात सुरू झालं.

"मग कुणाचा होता?" साहेबांनी विचारलं.

"ते उदाहरणात विचारलेलं नाही," गुरुजी म्हणाले. वर्गात ते असंच म्हणत.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. मग लॅक्टोमीटर मागवला, स्वतः दुधात सोडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. दोन वर्षं इथलं पातळ दूध 'उत्तम' असा शेरा मारून त्यांनी स्वतःच्या सहीने घेतलं होतं. चौथ्या कॅनची चौकशी सुरू झाली असती तर ती कुठे जाऊन पोचली असती, हे गणित त्यांना सोडवून दाखवावं लागलं नाही. त्यांनी कागदावर 'चारा कमी, सबब दूध कमी व दाट' असं लिहिलं, रज्जाकभाईंचा चहा घेतला आणि जीपमध्ये बसले.

संध्याकाळी केशरबाई दुधाचं भांडं घेऊन खोलीत आली. भांडं मुक्ताबाईच्या हातात देत म्हणाली, "पोरीच्या सासरची मंडळी येत न्हाईत आता."

"का हो, काकू?" मुक्ताबाईने विचारलं.

"आवो, आदी पोरगा तर बघू द्या."

गुरुजी उठून उभे राहिले होते. केशरबाईने त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः उंबऱ्यावर टेकली.

"गुरुजी, चारचौघांत माजं नाव घेतलं न्हाई, लई झालं. खोली तुमचीच. पर माजं एक काम करा. एक उदाहरण घाला फळ्यावर. एक मानूस हाय. सकाळधरनं पारावर पत्ते कुटत बसतो. त्याची बायकू चार म्हशींचं श्यान काढती. तर त्या मानसानं जलमात किती श्यान काढलं?"

हा माणूस कोण ते गुरुजींना विचारावं लागलं नाही. तो गावाचा सरपंच होता.

"काकू, याचं उत्तर शून्य येतं."

"येऊ द्या की. पोरांना शून्य शिकवीत न्हाई व्हय तुमी?"

गुरुजी 'बघतो, बघतो' असं पुटपुटले. केशरबाई समाधानाने गेली. तिच्या मागे दार लोटून गुरुजींनी मोठा श्वास सोडला. मुक्ताबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.

"मलाही एक सुचलंय," ती म्हणाली.

"काय?"

"उदाहरण. डोंगरातल्या शाळेत एक माणूस चार वर्षं एकटा राहत होता. स्वतःचा चहा करायचा, भाकरी करायचा, भांडी घासायचा. दिवाळीला त्याची बायको आली. तर आता घरातलं किती काम त्याच्याकडे उरलं?"

गुरुजींनी डोळे मिटले. उदाहरण आधी डोळ्यांपुढे आणायची त्यांना सवय होती. चित्र दिसायला वेळ लागला नाही. त्यांनी डोळे उघडले, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि मोरीपाशी जाऊन खरकट्या भांड्यांसमोर उकिडवे बसले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कोनाड्यात हात घालून पाहिला.

"अगं," त्यांनी विचारलं, "भांड्यांची राख कुठं असते आपली?"