पुढे असण्याची पाच कारणे

आमच्या लिस्बन शहरात ही गंभीर उणीव उघडकीस आली, तेव्हा आमची जहाजं हिंदुस्थानला जाऊन येऊ लागल्याला चाळीस वर्षं उलटली होती. आफ्रिकेला वळसा घालून समुद्रमार्गे तिथवर पोचलेले पहिले आम्हीच, याबद्दल कुणाला शंका नव्हती. पण आम्हीच का, याचं कारण दप्तरी नव्हतं. घटना होती, तारीख होती, बुडालेल्यांची यादी होती. कारण तेवढं नव्हतं. अशी विनाकारण घडलेली घटना चाळीस वर्षं दप्तरात पडून राहिली, ही गोष्ट कुणालाही शोभणारी नव्हती. त्यातच शेजारच्या राज्यातल्या कॅस्टिलवाल्यांनी ते स्वतःच पुढे का आहेत याची कारणं छापून काढल्याची बातमी आली. मग मात्र आठवड्याभरात आमच्याकडे कारण-निश्चिती मंडळ स्थापन झालं.

मंडळावर सात जण होते. अध्यक्ष दोम गार्सिया दे मेइरेलेस यांना नदीतल्या नावेत बसलं तरी मळमळे, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत ते निःपक्षपाती मानले गेले. काम लवकर व्हावं म्हणून निष्कर्ष कोरायचा दगड आधीच मागवण्यात आला. पाथरवटाने त्यावर पाच ओळी आखल्या. मंडळाकडे चार कारणं तयार होती: शौर्य, विज्ञान, दूरदृष्टी आणि धर्मनिष्ठा. ती मंडळ नेमण्याच्या आधीपासूनच तयार होती. पाचवी ओळ रिकामी राहत होती, आणि दगड बदलण्याची तरतूद नव्हती. तेव्हा पाचवं कारण शोधणं भाग पडलं.

दगडासाठी तेजू नदीच्या काठावर, गोदीजवळ जागा ठरली. तिथे ब्रितिश पेगादो नावाची बाई गाडा लावून निखाऱ्यावर तारल्या, म्हणजे छोटे मासे, भाजून विकत असे. तिला जागा सोडण्याची नोटीस आली. नोटिशीत म्हटलं होतं, की दर्यावर्दी पूर्वजांच्या सन्मानार्थ सदर अतिक्रमण दूर करावे. ब्रितिशने नोटीस कुणाकडून तरी वाचून घेतली आणि आपल्या बापाला म्हणाली, "बाबा, तुमच्या सन्मानासाठी आपल्याला हाकलतायत."

बाप म्हणजे लोपो पेगादो. त्या पहिल्या सफरीत तो शिडावर चढणारा खलाशी होता. आता बासष्ट वर्षांचा. हिरड्या सडून त्याचे अकरा दात समुद्रात गेले होते, उरलेले त्याने लिस्बनमध्ये हळूहळू गमावले. बिनदातांचा माणूस पाव रश्शात बुडवून खातो आणि फार बोलत नाही. लोपोही बोलत नसे. पण मुलीचा गाडा उठणार म्हटल्यावर तो टोपी हातात घेऊन मंडळाच्या कचेरीत गेला आणि दाराशी बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी फ्रुतुओझो रबेलो नावाच्या कारकुनाने त्याला हटकलं. म्हाताऱ्याने गाड्याची हकिकत सांगितली आणि ओघात आपण त्या सफरीवर होतो असंही सांगितलं. फ्रुतुओझोच्या हातातली लेखणी थांबली. मंडळाने तोवर सोळा साक्षी नोंदवल्या होत्या. एक नकाशे काढणारा, दोन धर्मगुरू, एका सरदाराचा मावसभाऊ असे सगळे जाणकार होते. पण प्रत्यक्ष गेलेला माणूस बोलवावा हे कुणाला सुचलं नव्हतं. फ्रुतुओझो सज्जन होता. त्याला वाटलं, यात म्हाताऱ्याचंही भलं होईल. त्याने लोपोला आत नेलं.

साक्ष नोंदवण्याची रीत अशी होती, की साक्षीदाराने सांगायचं, दोम गार्सियांनी त्याचा अर्थ लावायचा आणि फ्रुतुओझोने तो अर्थ लिहायचा. पहिला प्रश्न होता, तू सफरीवर का गेलास. लोपो म्हणाला, डोंगरात आमची ऑलिव्हची सतरा झाडं होती, ती थोरल्या भावाला गेली. मधल्याला मठात घातलं. मी तिसरा. माझ्यासाठी नुसते दगड उरले होते. दोम गार्सिया म्हणाले, "लिहा, शौर्य."

मग त्याला विज्ञानाबद्दल विचारण्यात आलं. दिशा दाखवणारी सुई आपल्याकडे कशी आली? लोपोने सांगितलं, की त्यांच्या सुकाणूवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे ती मूळची चिन्यांची. तिरकं शीड मूरांचं, म्हणजे मुसलमानांचं. तारे मोजायचं यंत्रही त्यांचंच. तोफा मात्र आपल्या होत्या. तिकडच्या बंदरांत लोक माल घेऊन येत आणि माल घेऊन जात. व्यापाराला जाताना तोफ न्यायची कल्पना आपलीच. दोम गार्सियांनी क्षणभर विचार केला आणि सुई, शीड व यंत्र विज्ञानाखाली घ्यायला सांगितलं. तोफा धर्मनिष्ठेखाली गेल्या.

मिरीचा विषय निघाला. लोपो म्हणाला, मिरी व्हेनिसवाल्यांकडून घ्यावी लागे, आणि ती आपल्यापर्यंत येईतो इतके हात लागत की तिचा भाव सोन्याला जाऊन भिडे. मधले हात टाळायचे म्हणून आपण लांबून गेलो. ही दूरदृष्टी झाली. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग एका सदस्याला, त्याला म्हणे खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, एक प्रश्न सुचला. आपल्याआधी तिथे दुसरं कुणी मोठी जहाजं घेऊन गेलं नव्हतं ना?

लोपो म्हणाला, "गेले होते की. कालिकतला एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं सांगितलं, त्याच्या आज्याच्या वेळी चिनी आले होते. आपली दोन गलबतं त्यांच्या एका जहाजात मावली असती म्हणे. आले, राजाला नजराणे दिले, परत गेले. नंतर आलेच नाहीत."

"का नाही आले?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्यांच्या घरी सगळं होतं, साहेब. आमच्या घरी काही नव्हतं."

अध्यक्षांनी या वेळी 'लिहा' म्हटलं नाही. लोपोला वाटलं, आपलं बोलणं पटलं नसावं, म्हणून त्याने पुरावा दिला. कालिकतच्या राजाला द्यायचा नजराणा त्याने स्वतः खांद्यावरून नेला होता. हात धुवायची घंगाळी, थोड्या टोप्या, पोवळी, तेल आणि मध. दरबारातले लोक हसले होते. मक्केहून येणारा भिकारडा व्यापारीही याहून बरं काही आणतो, असं ते म्हणाल्याचं दुभाष्याने जरा सौम्य करून सांगितलं होतं. "जो भरल्या ताटावर बसलाय तो कशाला समुद्रात मरायला जाईल?" लोपो म्हणाला. "आम्ही एकशे सत्तरच्या आसपास गेलो, निम्मेही आलो नाही."

दोम गार्सियांनी साक्ष थांबवली. दारिद्र्य हे कारण म्हणून दगडावर कोरता येत नाही, असं त्यांचं मत पडलं, आणि ते एकमताने मंजूर झालं. त्यानंतर मंडळ तीन आठवडे बसलं. आपण गेलो आणि ज्यांच्या घरी सगळं होतं ते गेले नाहीत, याचा अर्थ त्यांच्यात काहीतरी कमी होतं, इथपर्यंत सगळे आले. काय कमी होतं हे शेवटी सापडलं. जिज्ञासा. पाचवी ओळ भरली.

आता अडचण धर्मगुरूंनी काढली. नसत्या चौकशा करणं हे पाप आहे, चर्चच्या यादीत ते आळसाच्या शेजारी आहे. त्यावर बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला, की किनाऱ्यापासून तीन कोसांच्या पलीकडे जिज्ञासा हा राष्ट्रीय गुण समजावा, अलीकडे पूर्वीप्रमाणे पाप. अलीकडे कुणाला जिज्ञासा दाखवायचीच असेल तर त्याने मंडळाकडे अर्ज करावा. अर्जात काय विचारायचं आहे ते लिहावं आणि त्यासोबत अपेक्षित उत्तरही जोडावं.

निष्कर्षावर सफरीवर गेलेल्या माणसाची सही हवी होती. असा माणूस एकच सापडला होता. लोपोने सही केली तर ब्रितिशचा गाडा दगडाच्या बाजूला राहू द्यायचा, असं ठरलं. फ्रुतुओझोने मोठ्या आनंदाने म्हाताऱ्याला बोलावणं पाठवलं. लोपोला वाचता येत नव्हतं, म्हणून फ्रुतुओझोने पाचही कारणं वाचून दाखवली. लोपोने ती डोळे मिटून ऐकली. मग म्हणाला, "त्या वाटाड्याचं काय?"

"कोण वाटाड्या, आजोबा?"

मलिंदीच्या राजाने दिलेला, लोपो म्हणाला. आफ्रिकेच्या किनाऱ्याने मलिंदीपर्यंत आम्ही चाचपडत गेलो. तिथून पुढे अथांग पाणी. त्या माणसाने वारा पाहिला, तारे पाहिले आणि तेविसाव्या दिवशी हिंदुस्थानचे डोंगर दाखवले. त्याला वाट पाठ होती, घरी जायची असावी तशी. तो नसता तर आम्ही अजून तिथेच फिरत असतो. त्याला कुठल्या कारणात घातलंय?

फ्रुतुओझोने घाबरून आजूबाजूला पाहिलं. कचेरी किनाऱ्यापासून दीडशे पावलांवर होती. म्हाताऱ्याने जिज्ञासा दाखवली होती, तीही जमिनीवर, विनापरवाना. त्याने हळू आवाजात नियम समजावला आणि स्वतःच्या हाताने लोपोचा अर्ज लिहून दिला. प्रश्न: वाटाड्याचे नाव दगडावर का नाही? अपेक्षित उत्तर: ठाऊक नाही. चौथ्या दिवशी अर्ज फेटाळून परत आला. ज्या प्रश्नाचं उत्तर अर्जदारास ठाऊक नाही तो प्रश्न विचारणं गैरवाजवी आहे, असा शेरा त्यावर होता.

लोपोने सही करणार नाही म्हणून सांगितलं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गोदीतली माणसं गाडा उचलायला आली. ब्रितिशने त्यांना तारल्या खायला घालून सकाळपर्यंत थांबायला लावलं, निखारे विझवले आणि बापाजवळ येऊन बसली. ती रागावली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "बाबा, त्यांनी मानलं असतं तर काय कोरायला सांगितलं असतं? नाव काय होतं त्याचं?"

सफरीत लोपोच्या हिरड्या सुजल्या होत्या तेव्हा त्या माणसाने आपल्या वाट्याचे खजूर पाण्यात भिजवून मऊ करून त्याला दिले होते. तेवीस दिवस दोघं एकाच डोलकाठीला टेकून झोपले होते. त्याच्या डाव्या भुवईवर व्रण होता, तो गाताना डोळे मिटत असे, हे सगळं लोपोला आठवत होतं.

"आम्ही त्याला मूर म्हणायचो," तो म्हणाला. "नाव कुणी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जाऊन फुलीची सही केली. फ्रुतुओझोने तिच्यावर वाळू भुरभुरवली आणि त्याचं अभिनंदन केलं. लोपोने टोपी घातली आणि तो निघून गेला.

दगड उभा राहिला. गाडाही राहिला, पण तीनच महिने. तारल्यांच्या धुराने दगड काळा पडून कारणं वाचता येईनात, तेव्हा पुन्हा नोटीस निघाली आणि ब्रितिश टेकडीमागच्या बोळात गेली. तिथे गिऱ्हाईक कमी होतं. लोपो त्याच हिवाळ्यात वारला. त्याच्या मृत्यूची नोंद मंडळाने घेतली आणि हयात साक्षीदार नसल्यामुळे निष्कर्ष यापुढे बदलता येणार नाहीत, असा ठराव केला.

कारणं मात्र चांगली चालली. आमच्या सगळ्या शाळांत ती गेली. कॅस्टिलवाल्यांनी स्वतःची टाकून आमची घेतली. मग डच, इंग्रज, फ्रेंच सगळ्यांनी देशाचं नाव तेवढं बदलून तीच उतरवून घेतली. पुढे त्यांची जहाजं जिथे जिथे गेली तिथे तिथे शाळाही काढल्या गेल्या, आणि ज्या किनाऱ्यांवरचे लोक ती वाट पिढ्यान्‌पिढ्या जात-येत होते, त्यांच्या नातवंडांनाही ही कारणं पाठ करायला मिळाली. तिथल्या भाषांत त्यांचा उत्तम अनुवाद झाला. मराठीत प्रश्न असा असतो: सागरी शोधांत युरोपीय राष्ट्रे आघाडीवर होती, कारणे द्या. गुण पाच.

वाचकांनी हा प्रश्न सोडवलेला असेलच, आणि पाचही कारणं क्रमाने लिहिली असतील तर पैकीच्या पैकी मिळालेही असतील. वर्गात एखाद्याने हात वर करून काही विचारलं होतं का, हे आठवत नसेल तर काळजीचं कारण नाही. लिस्बनच्या नियमाप्रमाणे तुमची वागणूक निर्दोष आहे.