बाईसाहेबांनी पुएर चहाचे नमुने मागविले, त्याची हकीकत

श्री. ज्याने पाण्यास चव दिली आणि माणसास विसर दिला, त्या कर्त्यास दंडवत घालून ही हकीकत लिहितो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध पक्षी खाडीकाठच्या एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

राज्याचे नाव लिहीत नाही. विस्तार थोडा. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि पश्चिमेस पाण्याकडे उघडणारी एक खिडकी. तेथे राजश्री मानाजीराव राज्य करीत होते. वय एकोणऐंशी. तरुणपणी व्यापारी जहाजावर यंत्रांचे प्रमुख होते, पुष्कळ बंदरे पाहिली, मग नोकरी सोडून गादीवर बसले, आणि गादी म्हणजे त्या खिडकीपाशी वेताची आरामखुर्ची. त्यांच्या राणी गुणवंताबाई, लग्नास चौपन्न वर्षे जाहली होती. कन्या एक, ती परमुलखी नांदत होती. राजेसाहेबांस तीन वर्षांपासून विसराचा आजार जडला होता. आधी किल्ल्या विसरले, मग रस्ते विसरले, मग कन्येचे नाव गेले, आणि त्या भाद्रपदात एके सकाळी बाईसाहेबांनी चहाचा कप पुढे केला तेव्हा त्यांजकडे पाहून, या बाई कोण, म्हणोन पुसिले. बाईसाहेबांनी आपले नाव सांगितले. राजेसाहेबांनी ते नाव ऐकिले आणि कप परत सारिला, आणि म्हणाले, "हा नव्हे. तो काळा द्या. तळघराच्या वासाचा."

तेव्हापासून दुधाचा चहा बंद जाहला. मग दूध बंद, मग पेज बंद, दोन घासांपलीकडे अन्न जाईना. डॉक्टर येऊन पाहून गेले आणि म्हणाले की, पोटात पाणी जाईल ती तजवीज करा, काय आवडेल ते द्या, नाही तर नळी घालावी लागेल. बाईसाहेबांस नळीचे भय वाटले. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी मनात धरिली, ती अशी की, यांस जो चहा आठवतो तो मिळाला तर त्याच्या मागोमाग बाकीचेही आठवेल, आणि बाकीच्यात मी असेन. ही आशा त्यांनी कोणास बोलून दाखविली नाही. पण त्या दिवसापासून कंबर बांधिली.

खालच्या मजल्यावर सदोबा म्हणोन निवृत्त मास्तर राहत. त्यांस राज्याचे पारसनीस म्हणावे, कारण परकी लिपी मोबाईलसमोर धरून तिचा अर्थ काढणे त्यांस साधले होते. बाईसाहेबांनी त्यांस बोलाविले आणि काळा चहा, तळघराचा वास, आणि बावन्न वर्षांपूर्वी राजेसाहेबांचे जहाज लागले होते ते चिनी लोकांचे बंदर, इतक्या खुणा सांगितल्या. सदोबांनी शोध केला आणि दोन दिवसांनी येऊन सांगितले की, अशा चहास पुएर म्हणतात, पाने दाबून भाकरीएवढी चकती करितात आणि वर्षानुवर्षे मुरवितात. कोणी कच्चा मुरवितात, कोणी ढीग घालून ओला करून लवकर पिकवितात, तो पक्का. मग दोघे चष्मे लावून ऑनलाइन बाजारात शिरले. तेथे शेकडो चकत्या, प्रत्येकीवर डोंगराचे नाव, झाडाचे वय, आणि खाली लोकांचे अभिप्राय, एकाने अमृत म्हणावे तर दुसऱ्याने त्यालाच चिखल म्हणावे. बाईसाहेबांस काही कळेना. सदोबांचे मत पडले की, ज्याची कीर्ती मोठी ती सबंध चकती घ्यावी. बाईसाहेब म्हणाल्या, सबंध नको, तुकडे तुकडे मिळतात ते नमुने घेऊ, लुगडे घेताना पदर उलगडून पाहतो तसे. परंतु नमुने निवडताना त्यांचीही भूल जाहली. जी चित्रे देखणी आणि जी झाडे फार जुनी म्हणोन लिहिली होती, तेच सहा निवडिले.

बारा दिवसांनी पार्सल आले. सहाही नमुने कच्चे, ताजे, हिरवट निघाले. बाईसाहेबांनी पहिला नमुना दुधाच्या चहासारखा दहा मिनिटे उकळिला आणि स्वतः घोट घेतला तो जीभ आखडून गेली. राजेसाहेबांनी एक घोट घेऊन रुमालात थुंकिला आणि, मला औषध का पाजता, म्हणोन विचारिले. बाईसाहेब मोरीत जाऊन भांडे घाशीत राहिल्या. मग दुसरी मागणी केली, या खेपेस पक्का. तो काळा होता, मऊ होता, पावसानंतरच्या अंगणाचा वास होता. राजेसाहेबांनी अर्धा कप घेतला. बाईसाहेबांचे डोळे त्यांच्या तोंडावर. राजेसाहेब कप खाली ठेवून फार नम्रपणे म्हणाले, "चांगला आहे. पण हा नव्हे." इतकेच बोलून खिडकीबाहेर पाहू लागले. त्या पंधरवड्यात त्यांचे मनगट इतके बारीक जाहले की घड्याळ कोपरापर्यंत चढे.

तेव्हा बाईसाहेबांनी दुकानाच्या नावांवर भरवसा सोडिला आणि पूर्वेकडील एका बेटावर जुन्या चहाची पेढी होती, तेथील म्हाताऱ्या मालकास पत्र धाडिले. सदोबांनी ते मालकाच्या भाषेत उतरविले. पत्रात मोठेपणा काही नव्हता. मी नवखी आहे, मला चहातले कळत नाही, नवरा आजारी आहे, त्यास बावन्न वर्षांपूर्वी प्यालेला चहा आठवतो आणि दुसरे काही आठवत नाही, इतके लिहिले. उत्तर तिसऱ्या दिवशी आले. पेढीवाल्याने लिहिले की, त्या काळी आमच्या बंदरात कच्च्या चकत्या दमट वखारीत ठेवून मुरवीत, तिचाच तो वास. त्या वेळचा चहा आता सापडत नाही. परंतु तशाच वखारीत वीस वर्षे पडून असलेल्या चकतीचे दोन तुकडे धाडितो. आल्याबरोबर करू नका. प्रवासाने तो थकलेला असतो, कागद उघडून दहा दिवस मातीच्या भांड्यात ठेवा. पहिले पाणी ओतून टाका, मग कढत पाण्यात क्षणभर ठेवून गाळा. बाईसाहेबांनी हे पत्र देवापाशी ठेविले.

तुकडे आले. आता दहा दिवस थांबणे आले, आणि राजेसाहेब तर घोट घोट पाण्यावर. सदोबा म्हणाले, एक दिवस आधी केला तर काय होईल. बाईसाहेब म्हणाल्या, होणार नाही काही, पण तो नव्हे असे पुन्हा ऐकिले तर मला सोसणार नाही. दहा दिवस त्यांनी चमच्याने साखरपाणी घालून काढिले आणि अकराव्या दिवशी, दुपार कलती असता, पहिले पाणी टाकून, दुसरे क्षणभर ठेवून, लहान वाटीत गाळून आणिले. रंग जुन्या सागवानासारखा. वास साऱ्या खोलीत भरला. राजेसाहेबांनी वाटी दोन्ही हातांनी धरिली, घोट घेतला, डोळे मिटिले, आणि उघडिले तेव्हा त्यांत ओळख होती. तीन वर्षांत न दिसलेली ओळख. बाईसाहेब पुढे सरकल्या. राजेसाहेबांनी त्यांचा हात धरिला आणि म्हणाले, "मेई, किती उशीर केलास."

सदोबा दाराशी होते, ते हळूच जिना उतरून गेले. बाईसाहेब उभ्याच राहिल्या. लग्नास दोन वर्षे जाहली होती तेव्हा जहाज पूर्वेच्या बंदरी चार महिने अडकले होते, यंत्राचा भाग मिळत नाही म्हणोन पत्र आले होते, आणि त्या चार महिन्यांत कन्या पोटात असता बाईसाहेबांनी सोमवार धरिले होते. हे सर्व एका क्षणात त्यांच्या ध्यानी आले. हात सोडवून घ्यावा असे मनात आले. परंतु राजेसाहेबांनी दुसऱ्या हाताने वाटी पुढे केली होती, आणखी मागत होते. बाईसाहेब, अहो, म्हणाल्या, तो राजेसाहेबांच्या डोळ्यांतली ओळख ढळू लागली. तेव्हा चौपन्न वर्षांत जे केले नव्हते ते करून, नवऱ्यास एकेरी हाक घालून त्या बोलिल्या, "बोट उशिरा लागली रे." राजेसाहेब हसले. आणि त्या दिवशी तीन वाट्या चहा प्याले आणि वाटीभर भात जेविले.

मग सबंध चकती मागविली. रोज दुपारी बाईसाहेब चहा गाळीत, आणि मेईच्या नावास ओ देत, आणि मेईच्या हातून राजेसाहेब जेवीत. बाईसाहेबांस हळूहळू सर्व कळले, तिचे दुकान वखारीच्या गल्लीत होते, ती डावखुरी होती, निरोपाच्या दिवशी ती धक्क्यावर आली नाही. काही दुपारी त्यांस इतका राग येई की वाटी आपटून ठेवीत, आणि काही दुपारी त्या पोरीची कीव येई. फाल्गुनात एकदा त्यांनी मन घट्ट करून विचारिले, "तुझ्या घरी कोण आहे?"

राजेसाहेबांनी बराच वेळ आठविले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गुणवंता आहे. तिला यातले काही सांगू नको. ती माझी वाट पाहते आहे."

बाईसाहेब म्हणाल्या, "नाही सांगत."

त्यानंतर बावीस दिवसांनी, क्रोधी नाम संवत्सर लागले त्या आठवड्यात, राजश्री मानाजीराव झोपेतच कैलासवासी जाहले. कन्या आली, दिवसवार जाहले, कन्येस काही सांगितले नाही. पेढीवाल्याचे पत्र आले की, चहा कसा निघाला, त्याच वखारीची आणखी एक चकती राखून ठेवू काय. बाईसाहेबांनी सदोबांकडून उत्तर लिहविले की, चहा बरोबर निघाला, आता राखू नये. येणेप्रमाणे सात महिन्यांचे वर्तमान. राजे गेले, राणी आहेत, आणि दुपारी कोणी हाक मारीत नाही.