सुमनआत्याचं बिनमाणसाचं बेट

आमची सुमनआत्या कुणाला काही विचारत नाही. ती सांगते. गंगाखेडच्या बाजारात साडी काखेत मारून दुकानदाराला म्हणते, "ही मी घेतलीय. आता भाव बोला." डॉक्टरांनी रात्रीची गोळी लिहून दिली, तर म्हणाली, "रात्री मी झोपत असते. सकाळची लिहा." समोरचा काही बोलायला गेला की पंजा वर. "मी इचारायले न्हाई, सांगायले."

गेल्या हिवाळ्यात तिनं असंच सांगून टाकलं, "मला समुद्रातल्या बेटावर जायचंय. एका दिवसासाठी. पण बेट असं पाहिजे, जिथं एकबी माणूस न्हाई."

फोनवर कुणीतरी पाठवलेलं चित्र तिनं पाहिलं होतं. निळं पाणी, पांढरी वाळू, चार झुडपं. आमच्याकडं पाणी म्हणजे गोदावरी, आणि उन्हाळ्यात तीसुद्धा वाळूच दाखवते. समुद्र आमच्यात फार थोड्यांनी पाहिलेला. बिनमाणसाचं बेट तर कुणीच नाही.

घरात बैठक बसली. पुण्याहून आत्याचा मुलगा प्रकाश आला, तिचे दीर आले. मला बोलावलं, कारण जीप माझी.

"आई, तिथं हॉटेल नाही, दवाखाना नाही, मोबाइलला रेंज नाही," प्रकाश म्हणाला. "आहे काय तिथं?"

"काईच न्हाई. म्हणून तर जायचंय."

"त्यापेक्षा चांगल्या किनाऱ्यावर जाऊ. घोडागाडी असते."

"घोडे मी पाह्यलेत."

खरी अडचण वेगळी होती. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा. जन्मभर एस.टी. चालवली. पालम, गंगाखेड, परभणी हे रस्ते डोळे मिटून सांगायचे. आता त्यांना स्वतःची गल्ली सापडत नाही. विसरण्याचा आजार. मागं एकदा घरातून निघाले ते पोखर्णीच्या देवळापाशी सापडले, पायात चप्पल नाही. तेव्हापासून गेटाला कुलूप असतं आणि किल्ली आत्याच्या गळ्यात. सकाळी मामा गेट धरून उभे राहतात. "गाडीची येळ झाली," म्हणतात. रस्त्यावरची पोरं हॉर्न वाजवून हसतात.

"वहिनी," दीर म्हणाले, "दादाला अशा हालतीत फिरवायलाव. लोकं काय म्हणतील?"

"लोकं न्हाईत तिथंच चालले की मी, भाऊजी!"

बैठक संपली.

मग तयारी सुरू झाली. कोकणातल्या एका होडीवाल्याचा नंबर तिनं मिळवला आणि माझ्यासमोर फोन लावला.

"बेटावर कोण ऱ्हातं?"

"कोणी नाय ओ, मावशी."

"एखादा पुजारी? च्यावाला?"

"शनिवार-रविवारी एक सरबतवाला येतो."

"मग आमी मंगळवारी येतो," आत्यानं सांगितलं आणि फोन ठेवला.

समुद्रात मळमळतं असं कुणीतरी म्हणालं, म्हणून मामांना घेऊन ती गोदावरीत एका मच्छीमाराच्या होडीत बसली. "हलवा," तिनं हुकूम सोडला. त्यानं हलवली. "अजून हलवा. समुद्र असा गप बसतो व्हय?" मामा मजेत होते. त्या बिचाऱ्याचं तोंड मात्र उतरलं.

पाण्यावर तरंगायची नारिंगी जाकिटं मागवली. सवय व्हावी म्हणून मामांना घालून ओट्यावर बसवलं. शेजारच्यानं कुंपणावरून विचारलं, "ड्रायव्हर सायेब, पूर आला का?"

"आमच्याकडं आला," आत्या आतूनच ओरडली. "तुमी बुडाल तवा कळवा."

मी तिला वेडी समजत होतो. जीप दिली, चालवलीही, पण मनात म्हणत होतो, या वयात हा काय हट्ट!

बेट खरंच एवढंसं निघालं. मधे झुडपांची रांग, भोवती वाळू. उतरलो तेव्हा पाणी उथळ होतं. बऱ्याच आतपर्यंत गुडघाभरच, असं होडीवाल्यानं सांगितलं. तो होडीपाशी थांबला. आत्यानं चादर अंथरली, धपाट्यांचा डबा काढला.

मामा उभे राहिले आणि चालू लागले.

मी सवयीनं त्यांचा हात धरायला धावलो, तर आत्यानं माझा शर्ट ओढला. "बस खाली."

"अगं, चुकतील ते!"

"कुठं चुकतेत? चारी बाजूंनी पाणी हाय. कुठूनबी गेले तरी फिरून हितंच येतेत."

मी बसलो. मामा पाण्याच्या कडेनं जात होते, एक हात पुढं धरून, स्टेअरिंगवर धरावा तसा.

"रोज कुलूप लावताना हे माझ्या हाताकडं बघतेत रे," आत्या हळूच म्हणाली. तिचा एवढा खालचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बोलत न्हाईत काई. नुसतं बघतेत. जन्मभर रस्त्यावर काढलेला माणूस मी कोंडून ठेवलाय. एक दिवस तरी कुणी हसू नये, कुणी दंडाला धरू नये, येवढंच मनात होतं."

मामा झुडपांमागं गेले. दिसेनासे झाले. आत्या समोरच्या लाटांकडं बघत राहिली. तिच्या मुठीत वाळू होती, ती तिनं सोडली नाही. मला राहवेना. दोनदा उठलो, दोनदा तिनं खाली बसवलं.

मग दुसऱ्या बाजूनं नारिंगी जाकीट दिसलं. मामा येत होते. धोतराचा काठ ओला, मान ताठ. समोर येऊन उभे राहिले.

"जाऊन आलो," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "एकटाच."

"मग!" आत्या म्हणाली. "तुमाला कशाला पाहिजे कोण?"

तिनं धपाटं पुढं केलं. मामांनी ते हातात घेतलं, पण बसले नाहीत. पुन्हा त्या वाटेकडं बघत होते.

"अजून एक चक्कर मारतो."

"या मारून," आत्या म्हणाली. "मी हितंच हाय."