घरात कोणी मोठं माणूस आहे का?

“दुकानात कशाला न्यायचा? चार स्क्रू काढायचे, दोन वस्तू बसवायच्या, चार स्क्रू लावायचे! जेवणाआधी होतंय की नाही बघा!”

असं म्हणून भाऊंनी रविवारी सकाळी बाह्या सरसावल्या आणि घरातला संगणक टेबलावर आडवा पाडला.

भाऊ हॉटेलांच्या आणि बेकऱ्यांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे काढत. घरूनच, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीपाशी बसून. त्यांच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती, पण संगणकाने मात्र पार हात टेकले होते. आराखडा जरा फिरवून बघायला गेलं की आतला पंखा असा घोंघावायचा की शेजारचे विचारायचे, “मिक्सर लावलाय का?”

संध्याकाळी त्याच संगणकावर सासूबाईंचं राज्य असे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा वेळ जावा म्हणून त्यांच्या मुलीने, म्हणजे भाऊंच्या बायकोने, त्यांना पत्त्यांचा खेळ लावून दिला होता. पत्त्यांचा त्यांना दोन दिवसांत कंटाळा आला आणि त्या थेट राक्षस मारायला लागल्या! आता कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांच्या एका टोळीच्या त्या म्होरक्या होत्या. कानाला हेडफोन लावून “ढाल वर धर रे, झोपलास का!” असं ओरडायच्या तेव्हा भाऊसुद्धा दचकून हात वर करायचे. पण राक्षस मरायला टेकला की नेमका संगणक अडकायचा आणि राक्षस जिवंत सुटायचा.

तेव्हा नवी रॅम, नवं ग्राफिक्स कार्ड आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम, असा तिहेरी बेत ठरला.

रॅम बसली. कार्ड बसता बसेना. भाऊंनी ते आधी प्रेमाने, मग जोराने आणि शेवटी शिव्या देत बसवलं. एक स्क्रू उडाला आणि कपाटाखाली गेला.

“कुठल्या गाढवाने हे एवढुसे स्क्रू बनवलेत?” भाऊ जमिनीवर पालथे पडून ओरडले. “आई, जरा स्क्रीनकडे बघता का? काही विचारलं तर नुसतं ‘पुढे’ दाबा!”

सासूबाईंना ते आईच म्हणत. पण नुसतं पुढे दाबणं आईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि नव्या सिस्टीमचा प्रत्येक प्रश्न नीट वाचला. संगणकाचा प्रमुख कोण? त्यांनी स्वतःचं नाव घातलं. जन्मतारीख? खरी घातली. घरातल्या इतरांची जबाबदारी घ्याल का? त्या म्हणाल्या, “घेतेच आहे की इतकी वर्षं,” आणि ‘हो’ दाबलं.

भाऊ स्क्रू घेऊन उगवले तेव्हा त्यांच्या केसांत जळमटं होती आणि पोटात कावळे ओरडत होते. आता त्यांचं खातं उघडायचं होतं. जन्मवर्षासाठी पडद्यावर एक चाक होतं. ते फिरवायचं, फिरवायचं आणि फिरवतच राहायचं!

“माझी जन्मतारीख घेऊन काय करणार आहेत? वाढदिवसाला येणार आहेत का जेवायला?” असं म्हणत भाऊंनी चाकाला एक फटका मारला. ते जिथे थांबलं तिथे ‘पुढे’ दाबलं आणि जेवायला बसले.

सोमवारी सकाळी संगणक असा पळायला लागला की भाऊंना आपलाच हेवा वाटला! अकराला बेकरीवाल्या बाईंशी व्हिडिओवर बोलायचं होतं. गावातली मोठी बेकरी, नवीन भट्टी, आणि गवंडी दुसऱ्याच दिवशी भिंत उभारायला येणार होते. आराखडा आजच पक्का व्हायला हवा होता.

भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पडद्यावर आराखडा उघडून बाईंनाही दाखवला. “आता बघा, मळलेलं पीठ इथून येईल आणि इथे...”

टुंग!

आराखडा गायब! त्या जागी टोपी घातलेली एक खारूताई टाळ्या वाजवत होती. खाली भल्यामोठ्या रंगीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘शाब्बास, छोट्या दोस्ता! वय वर्षे ९ साठी आजचा वेळ संपला. आता बाहेर जाऊन खेळ! आणखी वेळ हवा असेल तर घरातल्या मोठ्यांना विचार.’



“वय वर्षे नऊ?” बेकरीवाल्या बाईंनी विचारलं. “माझ्या भट्टीचा आराखडा नऊ वर्षांचं पोर काढतंय?”

“छे, छे! अहो, मीच काढतोय!”

“मग ते पोर कोण? लहान मुलाला कामाला जुंपता? लाज नाही वाटत?”

“कुठलं पोर नाही हो! ते पोर म्हणजे मीच!”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर भाऊंच्या लक्षात आलं की याने काही सुधारलं नाही. बाई म्हणाल्या, “दुपारपर्यंत मला मोठ्या माणसाने काढलेला आराखडा पाहिजे. नाहीतर मी दुसरा माणूस बघते,” आणि त्या निघून गेल्या.

भाऊंच्या अंगाची लाहीलाही झाली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस! अर्ध्या गावाची स्वयंपाकघरं ज्याने मांडली तो माणूस! त्याला एका खारीने अरे-तुरे करायचं?

“आई!” त्यांनी खारीखालचं ‘आणखी वेळ’ दाबून हाक मारली. “तुमच्या फोनवर काही आलंय का?”

“आलंय ना,” आई आतून म्हणाल्या. “‘तुमचं मूल आणखी वेळ मागत आहे.’ एक तास देऊ की पंधरा मिनिटं?”

“तास! तास द्या!”

“एकदम तास कशाला? सकाळपासून बसलाय. मी पंधरा मिनिटं देते, मग उठून जरा पाठ मोकळी करा.”

आणि दिली की पंधरा मिनिटं! ती सगळी भाऊंनी वय बदलायची जागा शोधण्यात घालवली. सापडली तेव्हा तिथे लिहिलं होतं, ‘वय बदलायचंय? मोठं व्हायची एवढी घाई का, दोस्ता?’ आणि पुन्हा टुंग! या वेळी खारूताई उशी घेऊन आडवी झाली होती. आज यापुढे वाढीव वेळ नाही.

आईंच्या खात्यातून आराखडा उघडावा म्हटलं, तर उत्तर आलं, ‘लहान मुलांच्या वस्तू त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नयेत.’

भाऊंनी मदत केंद्राला फोन लावला. खूप वेळ बासरी ऐकवल्यावर एक गोड आवाज आला.

“नमस्कार! आपला खाते क्रमांक सांगा.”

भाऊंनी सांगितला. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज झाला आणि गोड आवाज आणखी गोड झाला.

“अरे वा! बाळा, घरात कोणी मोठं माणूस आहे का?”

“मीच आहे मोठं माणूस!”

“हो का? सगळी मुलं असंच म्हणतात. आवाज मात्र छान जाड काढतोस हं!”

“मी आवाज काढत नाहीये! माझा आवाजच असा आहे!” भाऊ कडाडले. “मला मिशा आहेत!”

“चिडू नये, राजा. आईला फोन दे बघू.”

“आई इथेच आहेत! पण त्या माझ्या आई नाहीत, सासूबाई आहेत!”



“तुझं... लग्न झालंय?” आवाजातला गोडवा पार आटला होता. “घाबरू नकोस, बाळा. फोन ठेवू नकोस. मी तुला बालसुरक्षा विभागाशी जोडून देते.”

“अहो, नको! लग्नाला वीस वर्षं झाली माझ्या!”

“अरे देवा,” गोड आवाज म्हणाला, आणि पुन्हा बासरी सुरू झाली.

भाऊ फोन हातात धरून चरफडत उभे होते. आई बाहेर आल्या आणि त्यांनी फोन काढून घेतला. बालसुरक्षा विभागातल्या गृहस्थांना त्यांनी समजावलं की हे नऊ वर्षांचे नाहीत, वागतात कधीकधी तसं, पण नाहीत. जन्मवर्षाचं चाक कसं फिरलं तेही सांगितलं. गृहस्थ खूप हसले. भाऊंना ते हसणं दोन हातांवरूनही ऐकू आलं.

“सोपं आहे म्हणतात,” आई फोन ठेवून म्हणाल्या. “पालक म्हणून मी परवानगी द्यायची आणि तुम्ही कॅमेऱ्यासमोर बसायचं. संगणक चेहरा बघून वय ओळखतो. मोठे दिसलात की झालं.”

“मोठा दिसलो की? म्हणजे काय? न दिसायला काय झालंय?”

भाऊ बसले. सकाळपासून ओरडून ओरडून डोळे लाल झाले होते, गाल ओघळले होते, कपाळावर आठ्यांचं जाळं पसरलं होतं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. एक गोल त्यांच्या चेहऱ्याभोवती फिरला, थांबला, परत फिरला.

‘अभिनंदन! तुम्ही सज्ञान आहात. अंदाजे वय: ७३.’

“त्र्याहत्तर?” भाऊ किंचाळले. “त्र्याहत्तर? या मशीनचे डोळे फुटलेत का? बघा, आई, बघा हा हलकटपणा!”

आई बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. “मी अडुसष्ट वर्षांची,” त्या कशाबशा म्हणाल्या. “म्हणजे आता मलाच तुमच्या पाया पडायला हवं!”

तेवढ्यात पडद्याने आपणहून आणखी एक पाऊल टाकलं. ‘ज्येष्ठांसाठी सोयी सुरू करत आहोत,’ असं म्हणून त्याने सगळी अक्षरं वांग्याएवढी केली. शिवाय एक आवाज सावकाश, एकेक शब्द तोडत बोलायला लागला, “आजोबा, काय मदत करू?”

भाऊंनी आधी त्या आवाजाची मुंडी मुरगळली. मग अक्षरं बारीक करायला हात पुढे नेला, आणि तो तसाच थांबला.

पडद्यावर आराखडा उघडला होता. त्यातले इंग्रजी आकडेही आता वांग्याएवढे होते. भट्टीपुढच्या मोकळ्या जागेत भाऊ इतके दिवस जो आठ समजत होते, तो चांगला ठसठशीत तीन होता. तीन फूट! तेवढ्या जागेत भट्टीचं दार उघडलं असतं, पण दार आणि भिंत यांच्यामध्ये भटारी उभा राहिला असता तो तिथेच भाजून निघाला असता. आणि उद्या गवंडी येऊन ती भिंत बांधणार होते!

भाऊंनी मान वळवून आईंकडे पाहिलं. त्या डोळे पुसत होत्या, आकड्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. भाऊंनी गुपचूप भिंत पाच फूट मागे सरकवली, मागचं पिठाचं कोठार लहान केलं, आराखडा बेकरीवाल्या बाईंना पाठवला आणि फोन लावला.

“एक छोटीशी सुधारणा केलीय,” ते घसा साफ करत म्हणाले. “फार काही नाही. जरा... मोकळं वाटावं म्हणून.”

बाईंनी आराखडा पाहिला. “हे बरं झालं. सकाळी मला तिथे अडचण वाटत होती, पण म्हटलं, पोराचं मन कशाला दुखवा! ठीक आहे, गवंड्यांना सांगते.”

फोन ठेवून भाऊ पुन्हा पडद्याकडे वळले.

“आता तुमचं तुम्हाला सगळं बदलता येईल,” आई म्हणाल्या. “वय दुरुस्त करा. आणि ती अक्षरं करा पहिल्यासारखी. किती विचित्र दिसतंय ते!”

“अक्षरं राहू द्या हो,” भाऊ आईंकडे न बघता म्हणाले. “तुम्हाला खेळताना बरं पडेल.”

“माझं खातं वेगळं आहे,” आई म्हणाल्या.