शेवटचा दिवस : परवा

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावून ठेवलं आहे. एकदा आईने बजावलं. एकदा मोठ्या काकांनी. ही गोष्ट काकांची आहे असं कुणी म्हटलंसुद्धा नव्हतं, तरी त्यांनी बजावलं. म्हणून मी यात एकही माणूस घातलेला नाही. सगळे प्राणी आहेत.

तर मुलांनो, जवळ बसा. मोठी माणसं असाल तर आणखी जवळ बसा, तुम्हाला जरा उशिरा कळतं.

एका जंगलात नुसती झाडं होती तोवर बरं चाललं होतं. मग तिथे एक दुकान निघालं. दुकान तरसाचं होतं. तरस सदा हसत असे. त्याला काही आनंद झाला होता असं नाही, त्याचा चेहराच तसा होता. पण गिऱ्हाइकांना वाटायचं, किती गोड माणूस. सगळे त्याला तरसशेठ म्हणू लागले.

दुकानावर पाटी होती : आत्ता घ्या, मग द्या.

त्या जंगलात हिरडे हेच पैसे. हिरडा इतका तुरट असतो की कुणी खात नाही, म्हणून तो शिल्लक राहतो. पण तरसशेठ हिरडे लगेच मागतच नसे. "घेऊन जा हो," तो म्हणे. "महिन्याभरात द्या. व्याज शून्य."

"आणि महिन्याभरात नाही जमलं तर?"

"तर मग थोडंसं व्याज. हिरड्यांत नाही हं. अंगावर जे असेल त्यातलं. दिवसाला दहा."

हे शेवटचं तो हसता हसता सांगे, त्यामुळे ते विनोदात जाई.

झालं. जंगलात खरेदीची लाट आली. सशाने बूट घेतले. चार पाय, म्हणून दोन जोड. पाठीवर घर असलेल्या कासवाने तंबू घेतला. मोराने छत्री घेतली, का ते त्याला अजून सांगता आलेलं नाही. आणि साळूने गादी घेतली.

साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे. तिचं बीळ खडकात होतं आणि तिची दोन पिल्लं दगडावर झोपायची. म्हणून तिने तीस हिरड्यांची कापसाची गादी घेतली. ती पहिल्याच झोपेत फाटली. कशी, ते सांगायला नको. पिल्लांच्या नाकात कापूस गेला. गादी संपली, तीस हिरडे मात्र शाबूत राहिले, द्यायचे.

आता दुकानाच्या दाराशी कोण बसायचं, ते ऐका. बिबट्या बसायचा. तो वसुली अधिकारी होता. नखं साफ करत बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारायचा. साळूकडे बघून तो नुसता आवंढा गिळायचा. काटे असलेली साळू त्याला कधीच खाता आली नव्हती. दिवसाला दहा काटे या हिशोबाने तो वाट बघायला तयार होता.

महिना संपत आला तशी दुकानावर दुसरी पाटी लागली : शेवटचा दिवस परवा.

मोर खूश झाला. अजून दोन दिवस आहेत म्हणून त्याने ते दोन दिवस छत्री फिरवण्यात घालवले. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हिरडे घेऊन ऐटीत दुकानात गेला.

"अरेरे, मोरराव," तरसशेठ हसला. "उशीर केलात."

"उशीर? पाटीवर परवा लिहिलंय. आज परवाच आहे."

"अहो, ती परवा येणारी नव्हे. झालेली परवा. सोमवारी पाटी लागली, म्हणजे शेवटचा दिवस शनिवार. आज बुधवार. चार दिवस, चाळीस पिसं. बिबटेसाहेब, मोजून घ्या."

त्या दिवसापासून मोर मागून कोंबडीसारखा दिसू लागला. पण हे त्याने कबूल केलं नाही. "मीच काढली पिसं," तो सगळ्यांना सांगे. "उकडत होतं." सशाची मिशी गेली. तो म्हणाला, आता हीच फॅशन आहे. जो तो स्वतःहून काढल्याचं सांगत होता, त्यामुळे दुकानात नवी गिऱ्हाइकं येतच राहिली.

साळूचा महिना मोराच्या नंतर सुरू झाला होता, म्हणून तिला हे सगळं बघायला मिळालं. ती फार बोलत नसे. पण मोराच्या मागे उकडण्यासारखं काही नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. तिने पिल्लांना घेऊन हिरडे वेचले. रोज दोन, कधी तीन. जवळजवळ दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, बरोबर तीस झाले. तिने ते पानात बांधले आणि मुदत संपायच्या आधीच दुकान गाठलं. रांगेत तिच्या पुढे कासवआजोबा होते. ते गुरुवारी घरून निघाले होते आणि नुकतेच पोचले होते.

"हे घ्या तीस," साळू म्हणाली.

तरसशेठने हात मागे घेतला. "आत्ता?"

"आत्ता."

"साळूताई, पाटी वाचली नाहीत का? आत्ता घ्या, मग द्या. आमच्याकडे आत्ता देण्याची सोय नाही."

"मग 'मग' म्हणजे कधी?"

"ते पाटीवर लिहू की. घाई काय आहे? हसा जरा."

बिबट्या दारातून म्हणाला, "वहिनी, इतके वजनदार काटे घेऊन कशाला फिरता उन्हाचं?"

साळू हिरडे घेऊन परत आली. पिल्लांनी विचारलं, "आई, दिले का?" ती म्हणाली, "घेतच नाहीत." धाकटं पिल्लू म्हणालं, "मग छानच की!" लहान होतं ते.

सोमवारी पाटी लागली : शेवटचा दिवस परवा.

साळू त्याच दिवशी, त्याच पाटीखाली जाऊन उभी राहिली. दुकानात गर्दी होती. मोर छत्रीवर आणखी एक छत्री घ्यायला आला होता. कासवआजोबा अजून परत निघाले नव्हते, वळत होते.

"तरसशेठ," साळू म्हणाली, "पाटीवरचं वाक्य अर्धं आहे."

"कुठे? शेवटचा दिवस परवा. चार शब्दसुद्धा नाहीत, किती सोपं."

"क्रियापद नाहीये. परवा आहे, की परवा होता?"

 तरसशेठ हसत होता, पण तो आता नुसता चेहरा होता. डोळे हसायचे थांबले.

"ताई, तुम्ही शाळेत गेला होतात का हो?" त्याने विचारलं.

"नाही. गेले असते तर गादी घेतली नसती. आहे, की होता?"

आता मुलांनो, तरसाची अडचण समजून घ्या. 'आहे' म्हणावं, तर शेवटचा दिवस बुधवार. मग बुधवारीच आलेला मोर वेळेवर आला होता. सशाचंही तेच. त्यांची पिसं आणि मिशा परत द्याव्या लागणार, आणि पिसांच्या तर उशा करून विकून झाल्या होत्या. म्हणून तो पटकन म्हणाला, "होता! परवा होता. शनिवारी. आज दोन दिवस उशीर. वीस काटे. बिबटेसाहेब..."

बिबट्या उठला. त्याने गळ्यात रुमालसुद्धा बांधला होता.

"थांबा," साळू म्हणाली. तिचा आवाज कापत होता, आणि आवाज कापला की तिचे काटे खुळखुळत. "शनिवारी मी इथे होते. तीस हिरडे घेऊन. तुम्ही घेतले नाहीत. कासवआजोबा, मी होते ना?"

कासवआजोबांनी मान बाहेर काढायला वेळ लावला. बिबट्या एक पाऊल पुढे आला. मान अजून येतच होती.

"होती," कासवआजोबा म्हणाले. "माझ्या मागेच होती. काटा लागला मला."

तरसशेठने मुकाट्याने तीस हिरडे मोजून घेतले. दोनदा मोजले. बिबट्याने रुमाल सोडला. साळूचा एकही काटा गेला नाही.

बाहेर आल्यावर तिने मोराला गाठलं. "भाऊजी, तुम्हीपण विचारा की. तुमच्या वेळी 'येणारी नव्हे' म्हणाले ना? पाटीवर तसं कुठे लिहिलं होतं?"

मोराने इकडेतिकडे बघितलं. "हळू बोला हो, वहिनी! मी उकडतं म्हणून काढली असं सांगितलंय. आता भांडायला गेलो तर लोकांना कळेल ना!"

"काय कळेल?"

"की उकडत नव्हतं."

साळू घरी गेली. पिल्लं दगडावर झोपली होती. ती दगडावरच त्यांच्या शेजारी आडवी झाली, पाठ भिंतीकडे करून, म्हणजे कुणाला टोचायला नको.

पुढे दुकानाचा वर्धापनदिन झाला. मोठा मंडप घातला. 'जंगलभूषण ग्राहक' म्हणून मोराला हार घातला, शाल दिली. शाल मागून जरा लांब ठेवली होती. तरसशेठ भाषणात म्हणाला, "मोररावांसारखी गिऱ्हाइकं आहेत म्हणून हे दुकान उभं आहे." हे भाषणातलं एकमेव खरं वाक्य होतं, आणि त्यालाच टाळ्या पडल्या. साळूचं चित्र दुकानाच्या दारावर लावलं. खाली लिहिलं : हिला उधार देऊ नये, वेळेवर फेडते.

त्यानंतर जंगलातल्या आया आपल्या मुलांना सांगू लागल्या, "त्या साळूसारखं वागू नका. तिला कुणी काही देत नाही."

आता तात्पर्य.

मुलांनो, घेतलेल्या वस्तूचे पैसे वेळेवर दिले की व्याज लागत नाही. पण त्यामुळे दुकानदाराचं मन दुखतं, बिबट्या उपाशी राहतो, आणि शेजाऱ्यांना उगाचच आपली मागची बाजू आठवते. इतक्या जणांना दुखवून काटे सांभाळण्यात काय अर्थ आहे? म्हणून शहाण्या माणसाने पैसे तयार ठेवावेत, शेवटचा दिवस क्रियापदासकट विचारून घ्यावा, आणि त्या दिवशी न चुकता घरीच... काय गं आई? हो, आले, आले! नाही गं, शुद्धलेखन लिहितेय. एवढं एक वाक्य पूर्ण करते आणि